वाचकांचे प्रश्न : शनिवारी गावी, सोमवारी होस्टेलवर, बॅग कोणती घ्यावी?

या वेळच्या टपालातून प्रवासाच्या बॅगेविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण मराठवाड्यातील असंख्य विद्यार्थ्यांची असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी मूळची अंबाजोगाई तालुक्यातील असून छत्रपती संभाजीनगर येथे बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि होस्टेलवर राहते. महिन्यातून दोन-तीनदा शनिवारी एसटीने गावी जाते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येते. मागच्या वर्षी घेतलेल्या डफल बॅगेचा पट्टा ऐन पावसात बीडच्या बसस्थानकावर शिवणीतून निघाला, बॅग खाली आपटली आणि लोणच्याचे तेल प्रॅक्टिकलच्या वहीवर पसरले. आता बाबा म्हणतात, चाकांची बॅग घे. मैत्रिणी म्हणतात, सॅक घे. लॅपटॉप नेहमी सोबत असतो. दीड हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. नेमके काय पाहून बॅग घ्यावी?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट लोणच्याची आहे. शनिवारी होस्टेलवरून निघताना तुमच्याजवळ दोन ड्रेस, लॅपटॉप, एखादी वही आणि फार तर धुवायचे कपडे असतात, आणि एवढे सामान कोणत्याही बॅगेत मावते. सोमवारी पहाटे निघताना मात्र त्याच बॅगेत धुतलेले कपडे, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, येसराची पुडी, लोणच्याची बरणी आणि बऱ्याचदा किलोभर तूरडाळ किंवा गुळाचा खडा येऊन बसतो, कारण मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या मुलीला आपल्याकडे कोणतीही आई रिकाम्या हाताने पाठवत नाही. दुकानात बॅग निवडताना आपल्या डोळ्यांपुढे जातानाचे सामान असते, आणि बॅग तुटते ती परतीच्या ओझ्याने. म्हणून माझा सल्ला असा, की बॅगेचा आकार, पट्टा, चेन आणि कापड या चारही गोष्टी सोमवारच्या सामानाचा विचार करूनच ठरवा.

प्रकाराविषयी माझे मत तुमच्या मैत्रिणींच्या बाजूने आहे. दोन्ही खांद्यांवर घेता येणारी सॅक तुमच्या प्रवासाला सर्वांत योग्य ठरेल. साध्या एसटीत डोक्यावरची सामानाची जागा अरुंद असते. मऊ बॅग तिथे दाबून बसवता येते, आणि जागा मिळालीच नाही तर मांडीवर किंवा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन बसता येते. बीडला गाडी बदलायची असेल, फलाटावर लागलेल्या गाडीकडे धावायचे असेल, चढताना दांडा धरायचा असेल, तेव्हा दोन्ही हात मोकळे असणे फार मोलाचे असते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो, त्यामुळे तुमच्यासारख्या विद्यार्थिनींना वारंवार गावी जाणे परवडू लागले आहे आणि ही फार चांगली गोष्ट झाली; पण शनिवारी दुपारच्या गाडीला गर्दी असणार हे गृहीत धरूनच बॅग घ्यायला हवी. डफल बॅगेत सामान भरपूर बसते हे खरे, मात्र तिचे सगळे ओझे एकाच खांद्यावर येते, चालताना ती मांडीवर आपटत राहते आणि भरलेल्या गाडीच्या वाटेत ती आडवी होते.

वडिलांच्या सूचनेमागची काळजी मला समजते, आणि मुंबई-पुण्याच्या गुळगुळीत फलाटांवर ती योग्यही ठरली असती. परंतु चाकांची बॅग रिकामी असतानाच अडीच-तीन किलोंची असते, तिचे अंग ताठ असल्यामुळे एसटीच्या वरच्या जागेत ती बसत नाही, आणि मग ती डिकीत टाकावी लागते, जिथे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात पाणी असते. गावाच्या फाट्यावर उतरल्यानंतर घरापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो हे तुम्हाला सांगायला नको. काळ्या मातीच्या चिखलात ती लहान चाके फिरणे थांबतात आणि शेवटी ती बॅग उचलूनच न्यावी लागते. वडिलांना हे सगळे सांगताना एवढेच सुचवा, की सॅकचे पट्टे चांगले असतील तर ओझ्याचा जो त्रास त्यांना टाळायचा आहे तो बराचसा टळतो.

आता आकार. बॅगेची क्षमता लिटरमध्ये सांगितली जाते आणि ती स्वतः मोजून पाहता येते : लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला १,००० ने भागावे. म्हणजे ४८ सेंटिमीटर उंच, ३२ रुंद आणि २० जाड अशी सॅक साधारण ३१ लिटरची होते. लेबलवरचा आकडा कधी कधी बाहेरचे सगळे कप्पे धरून दिलेला असतो, त्यामुळे दुकानात एक मोजपट्टी सोबत नेणे उपयोगाचे. दोन रात्रींचे कपडे, लॅपटॉप आणि परतीचे डबे यांसाठी ३० ते ३५ लिटर पुरेसे आहेत. कॉलेजला रोज नेण्याची सॅक २० ते २५ लिटरची असते. तिच्यात डबे कोंबले की चेनवर ताण येतो. याउलट ४५-५० लिटरची सॅक घेतलीत तर ती भरली जाईलच, कारण मोकळी जागा दिसली की घरून आणखी एक पुडी आत सरकवली जाते, आणि ते ओझे तुमच्या पाठीला न्यायचे आहे.

ओझ्याचा अंदाज घेण्यासाठी एक आधार सांगते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या दप्तर धोरणात शालेय दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे. तो नियम शाळकरी मुलांच्या रोजच्या दप्तरासाठी आहे आणि तुम्ही महिन्यातून दोन-तीनदाच हे ओझे उचलता, तेव्हा थोडी सूट घेता येईल. तरीही पन्नास किलो वजनाच्या मुलीने सात-आठ किलोंच्या पुढे जाऊ नये असे मला वाटते. लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलो, पाण्याची भरलेली बाटली एक किलो, रिकामी सॅक पाऊण ते एक किलो. म्हणजे कपडे आणि खाऊ यांच्या वाट्याला तीन-चार किलोच उरतात. तूरडाळ शहरातही मिळते. आईच्या हातची चटणी मिळत नाही, तेव्हा निवड करायची झाल्यास चटणी ठेवा.

दुकानात गेल्यावर सर्वांत जास्त वेळ पट्ट्यांना द्या, कारण तुमची मागची बॅग तिथेच गेली. सॅक उलटी धरून पट्टा जिथे वरच्या शिवणीत शिरतो ती जागा बघा. तिथे शिलाईची एकच सरळ रेघ दिसली, तर ती बॅग बाजूला ठेवा. चांगल्या बॅगेत त्या ठिकाणी टाके चौकोनात घातलेले असतात आणि चौकोनाच्या आत तिरपी फुली असते, किंवा अगदी जवळजवळ टाके घालून एक जाड, घट्ट पट्टी तयार केलेली असते. या दोन्हींमुळे ओझे एका रेघेवर न येता बऱ्याच टाक्यांत वाटले जाते. मग सॅकच्या आत हात घालून तीच जागा आतल्या बाजूने चाचपा. पट्ट्याचे टोक कापडाच्या दुहेरी थरात घेतलेले आहे का, कापडाच्या कडा पट्टीने बांधून घेतल्या आहेत का, की त्या उघड्या असून त्यांतून धागे निघत आहेत, हे बोटांना लगेच कळते. उघड्या कडेचे धागे सुटत जातात आणि एक दिवस टाके जागेवर राहून कापडच त्यांच्यातून निसटते. शेवटी एक पट्टा एका हातात आणि सॅकचा तळ दुसऱ्या हातात धरून चांगला झटका द्या. शिवणीत उजेड दिसला, म्हणजे टाके ताणून भोके रुंद झाली, तर ती सॅक घेऊ नका. दुकानदार नाराज होईल याची चिंता करू नका. आपल्या मालाची खात्री असलेला दुकानदार अशा ग्राहकाला उलट मान देतो.

पट्ट्यांची रुंदी तीन बोटांपेक्षा कमी नसावी आणि आतला फोम दाबला की परत वर यावा. छातीवर लावायचा छोटा पट्टा असेल तर चांगले, कारण त्यामुळे खांद्यावरून सॅक घसरत नाही. कमरेचा जाड पट्टा मात्र तुम्हाला नको, तो डोंगर चढणाऱ्यांच्या मोठ्या सॅकसाठी असतो आणि एसटीत तो सीटच्या दांड्यांत अडकतो. वरच्या बाजूला हाताने धरायची कडी भक्कम हवी, कारण वरच्या जागेतून सॅक ओढून काढताना सगळा ताण त्या कडीवरच येतो.

दुकानातली बॅग कागदाचे बोळे भरून फुगवलेली असते आणि त्यामुळे ती देखणी दिसते. ते बोळे काढायला सांगा आणि त्यांच्या जागी तुमचे खरे सामान भरा. घरून निघतानाच एक स्टीलचा डबा, पाण्याची भरलेली बाटली, दोन-तीन जाड पुस्तके आणि लॅपटॉप सोबत न्या, ते सॅकमध्ये घालून दुकानात पाच मिनिटे फिरा, आणि मग चेन लावून बघा. गुलमंडीसारख्या गर्दीच्या बाजारात असे करायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, म्हणून शनिवार-रविवार टाळून सकाळी दुकान उघडते त्या वेळी जा.

चेनविषयी थोडक्यात. रनरच्या मागच्या बाजूला बहुधा ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. चेन बंद केल्यावर तिचे दात साधारण जितके मिलिमीटर रुंद, तितका तिचा नंबर. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची चेन असावी, बाहेरच्या छोट्या कप्प्यांना ५ नंबर चालतो. भरलेल्या सॅकची चेन कोपऱ्यावरून एका हाताने फिरते का ते पाहा, आणि दोन रनर असतील तर प्रवासात छोटे कुलूप लावता येते.

कापडाच्या लेबलवर डेनिअर हा शब्द दिसेल. ९,००० मीटर लांब धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर. म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. ६०० डेनिअरचे पॉलिएस्टर तुमच्या कामाला पुरते, ९०० असेल तर अधिक बरे. नायलॉन घासण्याला जास्त टिकते, पण कडक उन्हात पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा चांगले तग धरते, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो हे लक्षात घेता मी पॉलिएस्टर निवडेन. चामड्यासारखे दिसणारे रेक्झिन घेऊ नका. उष्णता आणि दमटपणा यांमुळे त्याच्यावरचा थर काही काळाने पापुद्रे होऊन सुटतो. जाड सुती कॅनव्हास मजबूत असतो, परंतु भिजल्यावर जड होतो, लवकर वाळत नाही आणि होस्टेलच्या कोंदट खोलीत त्याला बुरशी येते.

सॅक पाण्याला दाद देत नाही असे दुकानदार सांगेल. कापडाच्या आतून दिलेला थर पावसाची सर अडवतो, मात्र पाणी आत शिरते ते चेन आणि शिवणी यांमधून, म्हणून जुलै-ऑगस्टच्या प्रवासात वरून घालायचे रेन कव्हर हवेच. ते सॅकसोबत मिळाले तर उत्तम, नाही तर वेगळे घ्या. आत कपडे एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले म्हणजे कव्हर विसरले तरी निभावते.

लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा आणि त्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन बोटे तरी वर असावा. हे तपासायला लॅपटॉप कप्प्यात घालून सॅक अलगद टेबलावर ठेवा. टेबलाला लॅपटॉप टेकल्याचा आवाज आला, तर एसटीच्या पत्र्याच्या तळावर सॅक टेकवताना प्रत्येक वेळी तोच दणका बसणार. आपल्याकडे जागा धरण्यासाठी खिडकीतून रुमाल किंवा पिशवी आत टाकण्याची पद्धत आहे. लॅपटॉप असलेली सॅक तशी कधीही टाकू नका, रुमालच टाका.

आता लोणचे. बरणी काचेची असो वा प्लास्टिकची, ती डोलली की झाकणाच्या आट्यांतून तेल बाहेर येते. रबराची कडी असलेला घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घ्या, झाकण लावण्यापूर्वी तोंडावर प्लास्टिकचा कागद धरा, डबा गाठ मारलेल्या पिशवीत घाला आणि सॅकमध्ये तो उभा, तळाशी, दोन्ही बाजूंना कपडे लावून ठेवा. वह्या आणि डबे यांचे कप्पे वेगळे असणे हा सॅक घेतानाचा निकषच समजा : निदान दोन स्वतंत्र मोठे कप्पे हवेत आणि त्यांच्यामधले अस्तर तळापर्यंत शिवलेले हवे. कित्येक सॅकमध्ये ते अस्तर खाली मोकळे असते आणि एका कप्प्यातले तेल दुसऱ्यात सहज उतरते.

दीड हजारांत हे सगळे मिळू शकते, मात्र त्यासाठी रंगसंगती, जास्तीचे कप्पे आणि यूएसबीचे छिद्र यांचा मोह सोडावा लागेल. छापील कमाल किंमत सर्व करांसह असते, तिच्यावर कोणी काही मागू शकत नाही, आणि खाली घासाघीस करण्यात गैर काही नाही. पक्के बिल घ्या आणि ते मोबाइलमध्ये काढून ठेवा. वॉरंटी असली तरी ती बहुधा बनावटीतील दोषांसाठी असते, वापराने झिजलेल्या भागासाठी नसते. पहिल्या महिन्यातच शिवण सुटली आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : मुलगा मुंबईत शिकायला आहे आणि सुट्ट्या जोडून आल्या की देवगिरी एक्स्प्रेसने घरी येतो. त्याच्यासाठी तरी चाकांची बॅग घ्यावी का? रेल्वेत किती सामान नेता येते?
– एक पालक, परभणी

उत्तर : सत्राच्या सुरुवातीला गादी-भांड्यांसह जाताना चाकांची बॅग उपयोगी पडते आणि घरात एक असावीही. दोन-चार दिवसांच्या फेरीसाठी मात्र मी त्यालाही सॅकच सुचवेन, कारण मुंबईत उतरल्यावर लोकल आणि पादचारी पुलांचे जिने असतात. चाकांची घेणारच असाल तर चहूबाजूंनी फिरणाऱ्या चार छोट्या चाकांपेक्षा मागे दोन मोठी रबरी चाके असलेली घ्यावी. ती खडबडीत रस्त्यावर टिकतात आणि धावत्या गाडीत बॅग आपोआप सरकत नाही. रेल्वेत स्लीपर वर्गात ४० किलो आणि द्वितीय वर्गात ३५ किलो सामान विनाशुल्क नेता येते, तर डब्यात न्यायच्या पेटीची मापे १०० × ६० × २५ सेंटिमीटरच्या आत असावी लागतात. विद्यार्थ्याचे सामान या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. रात्रीच्या प्रवासात खालच्या बर्थखाली असलेल्या कडीला साखळीने बॅग बांधावी; लॅपटॉप आणि पाकीट त्या बॅगेत न ठेवता उशाशी घ्यावे.

प्रश्न : आमच्या ओळखीचे शिंपी जाड कापडाच्या पिशव्या उत्तम शिवतात. त्यांच्याकडून प्रवासाची बॅग शिवून घेतली तर चालेल का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : चालेल, आणि नीट शिवली तर ती बाजारातल्या स्वस्त बॅगेपेक्षा जास्त टिकेल. अडचण कौशल्याची नसते, दोऱ्याची आणि मशीनची असते. कपडे शिवायच्या सुती दोऱ्याने बॅग शिवली तर भिजून-वाळून तो दोरा कुजतो, म्हणून जाड नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा तुम्ही स्वतः आणून द्या. पट्ट्यासाठी कापड दुमडून घेण्याऐवजी विणीची नायलॉनची पट्टी वापरायला सांगा आणि ती पट्टी बॅगेच्या तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंनी वर आणायला सांगा, म्हणजे ओझे कापडावर न येता पट्टीवर येते. अशा पट्ट्या, बकले आणि चेन गंजगोलाईच्या परिसरात शोधल्यास मिळतील. तिथे येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर बहुतेक प्रत्येक धंद्याचे दुकान आहे. घरच्या मशीनची सुई जिथे चार-पाच थरांतून जात नाही, तेवढी शिवण चांभाराकडून हाताने घालून घ्या. लॅपटॉपसाठी मात्र फोमचे तयार पाकीट वेगळे घ्यावे.

प्रश्न : माझी सॅक चांगली आहे, पण चेन लावली की मागून उघडते. नवी घ्यावी लागेल का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : बहुतेक वेळा दात चांगले असतात आणि रनर झिजून सैल झालेला असतो, त्यामुळे तो दातांना एकमेकांत दाबू शकत नाही. रनर चेनच्या सुरुवातीला आणून त्याच्या दोन्ही बाजू पक्कडीने एकेक करून अगदी हलक्या हाताने दाबा आणि फिरवून बघा. जोर लावला तर रनर मोडतो. त्यापूर्वी चेनीत अडकलेली माती जुन्या टूथब्रशने झाडून घ्यावी आणि दातांवरून मेणबत्ती फिरवावी. एवढ्याने काम झाले नाही तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच नंबरचा नवा रनर बसवून घ्या. संपूर्ण चेन बदलण्याची गरज दात तुटले असतील किंवा चेनीची कापडी पट्टी फाटली असेल तरच पडते, आणि तेव्हाही नव्या सॅकपेक्षा ते काम स्वस्तात होते.